दहाव्या दिवसाचा फोन

भावाचा फोन सकाळी सातलाच आला. त्याचं शेत राळेगाव तालुक्यात, रस्त्याला लागून.

"ताई, गुरुवारी सीतादही हाय. येशीन का? का यंदाबी तुयं ट्रेनिंगच?"

मी डायरी उघडली. गुरुवारी खरंच प्रशिक्षण होतं, मीच ठेवलेलं. म्हणाले, "नाही रे जमणार."

"तीन वर्सं झाले, दहीभाताले तोंड नाही लावलं तू. नाराज हायेस का आमच्यावर?"

"तुमच्यावर कशाला? वहिनीला सांग, तुरीचे सोले निघाले की पाठव."

फोन ठेवला आणि डायरीत गुरुवारच्या खाली सामानाची यादी लिहायला घेतली. हजेरीपट, संमतीपत्राच्या प्रती, निळी पेनं, थर्मामीटर. थर्मामीटरपाशी हात थांबला. दरवर्षी थांबतो.

सीतादही आली म्हणजे कापूस फुटला.

आमच्याकडे वेचणीला हात लावायच्या आधी शेतात सीतादही करतात. कपाशीच्या झाडाखाली दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, थोडा भात चार दिशांना टाकायचा आणि मग पहिलं बोंड ओटीत. लहानपणी मला त्यातला भातच तेवढा आवडायचा. शेतात, उन्हात, पळसाच्या पानावर खाल्लेल्या दहीभाताला घरच्या ताटात न येणारी एक चव असते. थोडी मातीची, थोडी भुकेची.

हा हंगाम मला नाकानं आणि बोटांनी कळतो. सकाळी धुई, म्हणजे धुकं, असते आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओल्या पानांचा तुरट वास रस्त्यापर्यंत येतो. डबे मांडीवर घेतलेल्या बायांनी भरलेले ऑटो शेताकडे जातात. संध्याकाळी कापसाच्या गाड्या शहराकडे निघतात आणि रस्त्याकडेच्या बाभळी त्यांच्यातला थोडा थोडा कापूस ओरबाडून ठेवतात. दिवाळीनंतर यवतमाळात येणारा कोणताही रस्ता पाहा, काट्यांवर पांढरे पुंजके लागलेले असतात. आमच्या घरी समोरची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरायची. आम्ही भावंडं त्यात उड्या मारायचो, उबेला तिथेच झोपायचो आणि दुसऱ्या दिवशी अंग खाजवत शाळेत जायचो. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला टोचतात. वेचणाऱ्या बाईच्या बोटांवर ते बारीक ओरखडे उन्हाळ्यापर्यंत राहतात. वॉर्डात सलाईन लावताना हात हातात घेतला की मला विचारावं लागत नसे. बोटंच सांगत, ही बाई कापसातून आली आहे.

शेवंताबाईंचा हात असाच होता.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी त्या प्रशिक्षणाबद्दल लिहायला हवं. वीस वर्षं मी नर्स म्हणून वॉर्डात काढली होती. मग आमच्या रुग्णालयात कॅन्सरच्या उपचारांवरचं संशोधन सुरू होणार असं ठरलं आणि तीन नर्सना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवलं. नवं औषध किंवा औषध द्यायची नवी पद्धत सगळ्यांना लागू करण्याआधी, तयार असलेल्या रुग्णांवर तपासून पाहावी लागते. त्यात आमचं काम सुया टोचण्याचं कमी आणि विचारण्याचं, ऐकण्याचं, लिहिण्याचं जास्त. शिकवायला बाहेरगावच्या एक मॅडम आल्या होत्या. हॉलचे पंखे कुरकुरत होते, खिडकीतून जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या दिसत होत्या आणि मॅडम दर तासाला शिंकत होत्या. त्यांना कापसाची सवय नव्हती.

त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, 'लिहिलं नाही, ते घडलं नाही.'

मला ते वाक्य माझ्याच घरातलं वाटलं. माझ्या फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी, गॅसच्या ओट्यावर यादी. नवरा म्हणायचा, हिला स्वर्गात नेलं तर दारात हजेरीपट मागेल. म्हणून ते प्रशिक्षण मला फार सोपं गेलं. बाकीच्या दोघी गोंधळत होत्या, मी रकाने आखत होते. संमतीपत्र हळू वाचायचं आणि समोरच्या माणसाकडून ते त्याच्या शब्दांत परत ऐकायचं. प्रश्न एकेक करून विचारायचा, दोन प्रश्न एकात बांधायचे नाहीत. उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. आणि नोंद चुकली तर पांढरा रंग फासायचा नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. बाजूला खरं काय ते, सही आणि तारीख.

"खालचं वाचता यायला हवं," मॅडम तीनदा म्हणाल्या. "आपण काय चुकलो तेही नोंदीचाच भाग आहे."

मी ते वहीत लिहून अधोरेखित केलं. परीक्षेत पहिली आले.

शेवंताबाई आमच्या पहिल्या काही रुग्णांपैकी. राळेगावजवळच्या एका गावातल्या. माझ्याच वयाच्या, सडसडीत, बोलायला धारदार. स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि आता दर एकवीस दिवसांनी औषध चढवायचं होतं. आल्या की दारातूनच "जयभीम सिस्टरबाई" म्हणायच्या. मी "जयभीम" म्हटलं की चप्पल काढून खुर्चीवर मांडी घालून बसायच्या.

संमतीपत्र वाचायला मला तासभर लागला. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"एवढं तं माह्या लग्नात कोनी वाचून नाही दाखवलं," त्या म्हणाल्या. "दाखवलं असतं तं इचार केला असता."

सोबत आलेली त्यांची सून रेखा पदर तोंडाला लावून हसली.

"आता तुम्ही सांगा, मी काय सांगितलं ते," मी म्हणाले.

"परीक्षा घेता का?" त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "दवाई तीच हाय, देण्याच्या दोन रीती हायेत. कोनती चांगली थे अजून कोनालेच ठाव नाही. मी उद्या नाही म्हटलं तरी माहा इलाज थांबत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मंग हो कायले म्हणू?"

मी प्रशिक्षणात शिकवलेलं उत्तर दिलं. तुम्हाला वेगळा फायदा होईल असं सांगता येत नाही, पण जे कळेल ते पुढच्या बायकांच्या उपयोगी पडेल.

त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे माह्या मांगून पाथ धरतीन त्या बाया."

पाथ म्हणजे वेचताना एकेका बाईच्या वाट्याला येणारी ओळींची पट्टी. सगळ्या जणी एका वेळी पाथ धरतात, बरोबरीनं पुढं सरकतात. एखादी मागं राहिली तर शेजारणी आपली पाथ संपवून तिची ओढून देतात. त्यात उपकार आहे आणि चेष्टाही आहे. शेवंताबाई अभिमानानं सांगायच्या, लग्न होऊन आल्यापासून माझी पाथ कुणी ओढली नाही.

त्यांनी प्रौढवर्गात शिकलेली सही केली. एकेक अक्षर जमिनीत बी टोकावं तसं.

"शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं," मी म्हणाले. "औषधानंतर अंगातली ताकद कमी होते. ताप आला तर घरी थांबायचं नाही. कोणत्याही वेळी निघून यायचं. सांगा बरं."

"ताप आला का निंगायचं," त्या म्हणाल्या. "मले थे मशीन देनार हा ना, काखेतलं?"

थर्मामीटर मिळाल्यावर त्या गल्लीच्या डॉक्टरीण झाल्या. पुढच्या खेपेला रेखानं तक्रार केली, "बाई, आत्याबाई साऱ्याइचा ताप पाह्यत हिंडतात. सरपंचाच्या बुढ्याचाबी पाह्यला. बकरीचा तेवढा राह्यला."

"बकरी हात वर नाही करत," शेवंताबाई म्हणाल्या.

केस गेले तेव्हा त्यांनी डोक्याला निळा रुमाल बांधला. वेचणीच्या टोळीतल्या बायांना सांगितलं, गाठ काढली, मी बरी झाली. औषध अजून चालू आहे हे सांगितलं नाही. मी एकदा म्हटलं, शेतात जाऊ नका, धूळ असते, आराम करा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना श्वास घेऊ नका म्हणत होते. "वेचनीच्या दिवसात घरी बसलेल्या बाईले लोकं भेटाले येतात, सिस्टरबाई. आन् भेटाले आलेले लोकं लवकर जात नाहीत."

दर औषधानंतर दहाव्या दिवशी मी फोन करायचा, असा नियम होता. दहाव्या दिवसाच्या आसपास जंतूंशी लढायची ताकद सगळ्यांत कमी असते, साधा तापही जिवावर बेततो. एका कागदावर दहा प्रश्न छापलेले. ताप, थंडी, उलटी, जुलाब, तोंडातले फोड, रक्त येणं, धाप, लघवी, जेवण, थकवा. प्रत्येकापुढे हो किंवा नाही. दहाही विचारायला सहा-सात मिनिटं लागतात.

त्यांचा तिसरा दहावा दिवस नेमका भावाच्या सीतादहीच्या दिवशी आला. त्या दिवशी माझ्या यादीत सात फोन होते आणि बाराची एसटी धरायची होती. पहिले सहा मी नीट केले. सातवा शेवंताबाईंचा. घड्याळात अकरा चाळीस. पर्स खांद्याला होती, हे मला स्पष्ट आठवतं.

फोन शेतात लागला. वारा, बांगड्या आणि मागे बायांचं खळखळून हसणं.

"शेवंताबाई, कसं आहे?"

"बरं हाय, सिस्टरबाई."

"काही त्रास?"

"बरं हाय, बरं हाय. तुमी कशा हा?"

मागे पुन्हा हसणं उसळलं. मला फार छान वाटलं. कामावर आहे, मैत्रिणींत आहे, हसते आहे. "काळजी घ्या," म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्या दहा चौकोनांत सरळ खाली खुणा करत गेले. नाही, नाही, नाही. जेवण ठीक. सही, तारीख, वेळ. अक्षर सुंदर आहे माझं.

एसटी मिळाली. दुपारी भावाच्या शेतात पळसाच्या पानावर दहीभात खाल्ला, दोनदा वाढून घेतला.

आमच्याकडे कुणी "कसं हाय?" विचारलं तर "बरं हाय" म्हणतात. पाय मोडलेला माणूस पण आधी "बरं हाय" म्हणतो आणि मग पाय दाखवतो. ते उत्तर नसतंच, रामराम असतो. मी याच मातीतली. हे मला बाहेरगावच्या मॅडमनं शिकवायची गरज नव्हती. उलट मॅडमलाच ते मी सांगायला हवं होतं.

त्या फोननंतर चौथ्या दिवशी रेखानं त्यांना ऑटोत आडवं घालून आणलं. रक्तदाब लागत नव्हता. हाताला शीर सापडेना. मी ती ओरखड्यांची बोटं चोळत राहिले. त्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. निळा रुमाल मी घडी करून रेखाच्या हातात दिला.

संशोधनात असं झालं की चोवीस तासांत अहवाल पाठवावा लागतो. डॉक्टर टेबलाशी बसून लिहीत होते, मी कागद पुढे करत होते. त्यांनी माझं पान पाहिलं.

"दहाव्या दिवशी ताप नव्हता?"

"नोंद तशी आहे," मी म्हणाले.

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. अहवाल गेला. पान इतकं नीटनेटकं होतं की त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहायची कुणाला गरज वाटली नसती. संबंध आठवडाभर मी तसंच राहू दिलं. त्या आठवड्यात घरातलं एकेक कपाट आवरलं.

मृत्यूनंतरचा जलदानविधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले. संशोधनाचं सामान परत घ्यायचं असतं, हे कारण. भिंतीवर जुन्या दोन फोटोंशेजारी शेवंताबाईंचा फोटो लागला होता, रुमालाआधीचा, डोक्यावर दाट केस. रेखानं चहा दिला. मग धान्याच्या कोठीतून एक पिशवी काढली. आत थर्मामीटर, त्याच्या डबीत, डबी फडक्यात, फडक्याला गाठ.

"तुमचं हाय, वापस द्या लागते ना?" ती म्हणाली.

सामान चालू आहे की नाही हे पाहून मगच नोंद करायची, हा नियम. मी बटण दाबलं. ही यंत्रं सुरू केली की आधी मागच्या वेळचा आकडा दाखवतात.

एकशे दोन पॉइंट सहा.

"हा कुणाचा गं?"

"त्याइचाच," रेखा म्हणाली. "तुमचा फोन आला त्या दिवशी सकायी पाह्यला होता त्याइनं. मले बोलल्या, थोडा हाय, उतरन. धुतलं, पुसलं, ठेवून देलं. मंग कोनी हात नाही लावला."

"मग फोनवर बोलल्या का नाहीत?"

ती चुलीकडे पाहत होती. "बाई, राग नका मानू. मी बाजूच्याच पाथीत होती. त्या दिवशी आत्याबाईची पाथ लय मांगं राह्यली. जिंदगीत पह्यल्यांदा. बाया त्याइले हासून राह्यल्या होत्या, शेवंता बुढी झाली म्हणे, आन् पाथ ओढून राह्यल्या होत्या. तेवढ्यात तुमचा फोन. साऱ्याइच्या समोर कसं म्हनतीन?" मग ती माझ्याकडे वळली. "पन आत्याबाई खोटं नव्हत्या बोलत. ताप हाय का, असं इचारलं असतं कोनी, तं सांगतलं असतं."

तिला माझं पान ठाऊक नव्हतं. तिनं मला काही सुनावलं नव्हतं. तिनं फक्त तिच्या सासूची बाजू मांडली होती.

ते हसणं मी कानांनी ऐकलं होतं. ते ऐकून मी दहा खुणा केल्या होत्या.

त्याच संध्याकाळी ऑफिसात फाईल काढली. एकेका चौकोनावर एकच आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'विचारले नाही.' सही, तारीख. खाली दुसरा, 'विचारले नाही.' दहा वेळा. मॅडम म्हणाल्या होत्या, लिहिलं नाही ते घडलं नाही. घडलं नाही ते लिहून ठेवणाऱ्या माणसाचं काय, ते त्या वहीत नव्हतं.

डॉक्टरांनी पान बराच वेळ पाहिलं. "कुणाला कळलं नसतं, सिस्टर."

"हो," मी म्हणाले.

नवा अहवाल गेला. संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीपुढे उत्तर द्यावं लागलं. आणि मला पुन्हा तेच प्रशिक्षण घ्यायला लावलं, त्याच कुरकुरत्या पंख्यांखाली. या वेळी मी परीक्षेत पहिली आले नाही. ताप लगेच कळला असता तर त्या जगल्या असत्या का? डॉक्टर म्हणाले, शक्यता होती. त्या शब्दापुढे रकाना नाही. तो हो मध्ये बसत नाही, नाही मध्येही बसत नाही.

आता नव्या लोकांना मीच शिकवते. ते थर्मामीटर डॉक्टरांना विचारून प्रशिक्षणाच्या सामानात ठेवलं, रजिस्टरात तशी नोंद करून. दर वर्षी गोष्ट सांगते, नाव न घेता. बटण दाबून आकडा दाखवते आणि बंद करते. मोजायला ते कधी वापरलं नाही. मोजलं की जुना आकडा जातो.

गुरुवारी अठरा जण आले होते. गोष्ट सांगून झाली. मी फळ्याकडे वळून दहा प्रश्न लिहीत होते आणि मागे जोड्या पाडून सराव चालू होता. एक रुग्ण, एक विचारणारी. ढाणकीहून आलेली प्रणाली रुग्ण झाली होती. तिच्या जोडीदारणीला नाट्य अंगात आलं असावं. टेबलावरचं थर्मामीटर तिनं उचललं आणि प्रणालीच्या काखेत दिलं.

बीप ऐकू आला तेव्हा माझा हात सातव्या प्रश्नावर होता.

"मॅडम, अठ्ठ्याण्णव," प्रणाली मागून म्हणाली. "ताप नाही मले. बरं हाय."

खडू खाली ठेवून मी गेले. हातात घेऊन पाहिलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट एक. बंद करून पुन्हा सुरू केलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट एक. कागदावर रेघ मारली तरी खालचं वाचता येतं. इथे खाली काही उरलं नव्हतं.

पोरींचा सराव थांबला. त्यांना कळलं की काहीतरी झालं. जोडीदारीण रडवेली होऊन म्हणाली, "सॉरी मॅडम, मले वाटलं सरावाचं हाय..."

"सरावाचंच आहे," मी म्हणाले. सामानाच्या यादीत तसंच लिहिलं होतं, मीच.

खिडकीबाहेरून कापसाची एक गाडी गेली. भावाच्या शेतात आता भात उधळून झाला असेल. मी खुर्ची ओढून प्रणालीसमोर बसले आणि प्रश्नांचा एक न भरलेला कागद पुढे घेतला.

"बरं हाय हे उत्तर नाही. ताप नाही, तो मी पाहिला. थंडी वाजली?"

"नाही, मॅडम."

"उलटी?"

"नाही."

असे बाकीचे सगळे विचारले, एकेक. प्रत्येक खूण तिच्या उत्तरानंतर केली. मग खाली मी हातानं लिहिलेला अकरावा प्रश्न आला. तो छापील दहांत नाही, समितीची परवानगी घेऊन घातला आहे.

"आज काम करताना कुणाच्या मागे राहिलीस का?"

ती हसली. मग हसू थांबलं. तिनं मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. 

"मॅडम, खरं सांगू?" ती म्हणाली.

मी पेन कागदापासून वर धरलं आणि थांबले.